जिवंतपणी ‘मेलेला’ खासदार

नवी विधानसभा निवडून आली की पहिले एक-दोन दिवस शपथविधीतच जातात. टीव्हीवर तो बघणं तसं कंटाळवाणं, पण कान देऊन ऐकलं तर एक बारीकसा फरक कळतो. बहुतेक आमदार ‘ईश्वरसाक्ष शपथ घेतो की’ असं म्हणतात. अधूनमधून एखादा ‘गांभीर्यपूर्वक दृढकथन करतो की’ म्हणतो आणि पुढचा मजकूर इतरांसारखाच वाचून जागेवर जाऊन बसतो. राज्यघटनेच्या तिसऱ्या अनुसूचीत दोन्ही पर्याय शेजारी शेजारी दिलेत. कुणी कुठला निवडला याची दुसऱ्या दिवशी कुणाला आठवणही राहत नाही.

१८८० साली इंग्लंडच्या संसदेत एका नवनिर्वाचित खासदाराने हाच दुसरा पर्याय मागितला. त्यावरून पुढची सहा वर्षं रण माजलं. त्याला एक रात्र कोठडीत काढावी लागली, भर दुपारी पोलिसांनी फरफटत बाहेर काढलं, खटल्यांवर खटले झाले. आणि एका शहराला त्याच माणसासाठी तीन वर्षांत तीन पोटनिवडणुका लढवाव्या लागल्या. तिन्ही वेळा तोच निवडून आला, आणि तिन्ही वेळा सभागृहाने त्याला बसू दिलं नाही.

माणसाचं नाव चार्ल्स ब्रॅडलॉ. शहर नॉर्दॅम्प्टन.

नॉर्दॅम्प्टन लंडनपासून शंभरेक किलोमीटरवर, आणि तिथला त्या काळचा मुख्य धंदा जोड्यांचा. तिथल्या फुटबॉल क्लबला आजही ‘कॉबलर्स’, म्हणजे जोडे शिवणारे, असंच म्हणतात. एकोणिसाव्या शतकात इथले कारागीर घरी किंवा छोट्या कारखान्यांत बसून काम करायचे. हात कामात आणि तोंड मोकळं, त्यामुळे राजकारणावर अखंड चर्चा. सरदार-उमरावांबद्दल आणि चर्चबद्दल फारसा धाक नाही. १८६७ च्या कायद्याने शहरांतल्या कामगार कुटुंबप्रमुखांना मत मिळालं आणि हे जोडेवाले एकदम मतदार झाले. बायकांना अर्थातच मत नव्हतं.

ब्रॅडलॉ यांचा जन्म लंडनमधला, १८३३ चा, गरीब कारकुनाच्या घरातला. काही वर्षं घोडदळात शिपाई, मग वकिलाकडे कारकून. कायदा त्यांनी तिथेच, टेबलाशी बसून शिकून घेतला, आणि तो इतका पक्का की पुढे भले भले बॅरिस्टर त्यांना वचकून असायचे. ते उघड नास्तिक होते. १८६६ मध्ये त्यांनी नॅशनल सेक्युलर सोसायटी काढली. १८७७ मध्ये अ‍ॅनी बेझंट यांच्यासोबत संततिनियमनावरची एक पुस्तिका छापल्याबद्दल त्यांच्यावर खटला झाला. होय, त्याच अ‍ॅनी बेझंट, ज्या पुढे भारतात येऊन काँग्रेसच्या अध्यक्ष झाल्या. त्यात राजेशाही नको म्हणणारे, म्हणजे प्रतिष्ठित समाजाला ज्या ज्या गोष्टींनी ठसका लागेल त्या सगळ्या या एका माणसात.

नॉर्दॅम्प्टनमधून ते १८६८ पासून लढत होते आणि हरत होते. १८७४ च्या एका पोटनिवडणुकीत ते हरल्यावर शहरात दंगल झाली. अखेर १८८० च्या सार्वत्रिक निवडणुकीत ३,८२७ मतं घेऊन ते निवडून आले. तेव्हा या शहराच्या दोन जागा होत्या आणि प्रत्येक मतदाराला दोन मतं. दुसरी जागा हेन्री लाबूशेर या पत्रकाराने जिंकली. दोघेही उदारमतवादी गटातले.

आता शपथेचा पेच. खासदाराने राणी व्हिक्टोरियाशी निष्ठेची शपथ घ्यायची आणि शेवटी ‘देव मला साहाय्य करो’ असं म्हणायचं. ब्रॅडलॉ यांचं म्हणणं असं की मी देव मानत नाही, तर माझ्याकडून दृढकथन घ्या. त्यांचा आधारही पोकळ नव्हता. १८६६ च्या शपथविषयक कायद्यात क्वेकर या शपथ निषिद्ध मानणाऱ्या ख्रिस्ती पंथाच्या लोकांना दृढकथनाची मुभा होती, आणि त्यांच्यासोबत ‘ज्यांना ज्यांना कायद्याने दृढकथनाची परवानगी आहे’ अशा इतरांनाही. मग १८६९ आणि १८७० च्या पुराव्याच्या कायद्यांनी नास्तिकांना न्यायालयात साक्ष देताना दृढकथन करू दिलं. ब्रॅडलॉ म्हणाले, दोन्ही कायदे जोडून वाचा. मला न्यायालयात परवानगी आहे म्हणजे ‘कायद्याने परवानगी असलेल्यांत’ मी आलोच.

चौकशीला समिती बसली आणि एका मताच्या फरकाने तिने नकार दिला. ठीक आहे, ब्रॅडलॉ म्हणाले, मग मी शपथच घेतो. इथे मात्र त्यांनी एक चूक केली, असं मला वाटतं. त्यांनी वर्तमानपत्रांत पत्र छापलं: शपथेतला देवाचा भाग माझ्या लेखी अर्थहीन आहे, पण शपथ मी स्वतःवर बंधनकारक मानीन. प्रामाणिक पत्र, पण विरोधकांच्या हातात कोलीत. हुजूर पक्षाचे खासदार उठले आणि म्हणाले, जो माणूस शपथ अर्थहीन असल्याचं छापून सांगतो, त्याला शपथ देणं हा देवाचा अपमान आहे. म्हणजे दृढकथन करता येणार नाही कारण तू क्वेकर नाहीस, आणि शपथ घेता येणार नाही कारण तू नास्तिक आहेस. इकडे आड, तिकडे विहीर.

२२ जून १८८० ला सभागृहाने २७५ विरुद्ध २३० मतांनी ठरवलं की हा माणूस शपथही घेणार नाही आणि दृढकथनही करणार नाही. दुसऱ्या दिवशी ते सभागृहातून बाहेर जायला तयार होईनात, म्हणून त्यांना संसदेच्या घड्याळाच्या मनोऱ्यात कोंडण्यात आलं. ज्याला आपण ‘बिग बेन’ म्हणून ओळखतो तोच मनोरा. दुसऱ्या दिवशी सोडून दिलं, कारण त्यांना आत ठेवून करायचं काय हे कुणालाच सुचेना.

पंतप्रधान ग्लॅडस्टन स्वतः अतिशय श्रद्धाळू. त्यांनी तोडगा काढला: ज्याला दृढकथन करायचं असेल त्याने ते करून बसावं, पण कायद्याची जोखीम त्याची स्वतःची. ब्रॅडलॉ बसले, मतदानही करू लागले. आणि इथून पोटनिवडणुकांची गोष्ट सुरू होते.

१८६६ च्या त्या कायद्यात एक भयंकर कलम होतं. शपथ न घेता जो खासदार मतदान करील त्याला दर मताला ५०० पौंड दंड, आणि शिवाय त्याची जागा ‘जणू तो मेला आहे अशाच रीतीने’ रिकामी. हे माझं अलंकारिक वर्णन नाही, कायद्यातलेच शब्द आहेत. त्या काळी अशा पुष्कळ दंडांसाठी कुणीही ऐरागैरा दावा लावू शकायचा आणि जिंकला तर रक्कम खिशात घालायचा. इथे क्लार्क नावाचा एक इसम दावा घेऊन पुढे आला. त्याच्या मागे पैसा होता न्यूडिगेट या हुजूर पक्षाच्या खासदाराचा.

मार्च १८८१ मध्ये न्यायालयाने ब्रॅडलॉ यांचा ‘दोन्ही कायदे जोडून वाचा’ हा मुद्दा फेटाळला. साक्षीपुरती मिळालेली परवानगी साक्षीपुरतीच, संसदेत ती चालणार नाही. झालं. सत्तेचाळीस वर्षांचा, धडधाकट, उंचापुरा ब्रॅडलॉ कायद्याच्या नजरेत मेला, आणि नॉर्दॅम्प्टनची जागा रिकामी झाली.

पोटनिवडणूक म्हणजे मुळात एवढंच: मुदत संपण्याआधी जागा रिकामी झाली की तेवढ्याच जागेसाठी निवडणूक. इंग्लंडमध्ये त्यासाठी सभागृह हुकूम काढतं, तो शहराच्या निवडणूक अधिकाऱ्याकडे जातो आणि कामाला सुरुवात होते. त्या काळचा वेग बघून मात्र आपण थक्क होतो. मार्चच्या अखेरीस जागा रिकामी, ९ एप्रिलला मतदान! आपल्याकडे कायद्याने सहा महिन्यांची मुदत आहे, आणि ती पाळली जातेच असं नाही. मार्च २०२३ मध्ये गिरीश बापट यांचं निधन झालं, त्यानंतर पुण्याची लोकसभेची जागा थेट २०२४ च्या सार्वत्रिक निवडणुकीपर्यंत रिकामीच राहिली. मुंबई उच्च न्यायालयाने पोटनिवडणूक घ्या म्हटलं, सर्वोच्च न्यायालयाने त्याला स्थगिती दिली.

तर ९ एप्रिल १८८१. हुजूर पक्षाचे उमेदवार एडवर्ड कॉर्बेट. प्रचाराचा मुद्दा एकच: देव मानणारं शहर नास्तिकाला पाठवणार का? निकाल: ब्रॅडलॉ ३,४३७, कॉर्बेट ३,३०५. फरक १३२ मतांचा. काठावरचा विजय, पण विजय.

आता सभागृहाची पाळी. लोकांनी सगळं माहीत असताना पुन्हा निवडून दिलंय, आता तरी शपथ घेऊ द्याल? नाही. मागचाच ठराव पुन्हा. ३ ऑगस्ट १८८१ ला ब्रॅडलॉ यांनी ठरवलं की आत शिरायचंच. बाहेर हजारो समर्थक त्यांच्या बाजूचे अर्ज घेऊन जमलेले. सभागृहाच्या दारात सेवकांनी आणि पोलिसांनी त्यांना धरलं. माणूस दणकट होता, सहजासहजी हलेना. ओढाताण करत, जिन्यावरून ढकलत त्यांना खालच्या आवारात आणून सोडलं तेव्हा कोट फाटलेला होता, चेहरा पांढराफटक पडला होता. दंड असे दुखावले की नंतर आजारपण आलं. बाहेरच्या गर्दीला त्यांनी एक इशारा केला असता तर काय झालं असतं कोण जाणे. त्यांनी तो केला नाही.

२१ फेब्रुवारी १८८२ चा प्रसंग तर नाटकात शोभेल असा. ब्रॅडलॉ चालत सभागृहातल्या टेबलापाशी गेले. खिशातून बायबलचा नवा करार काढला, शपथेचा मजकूर लिहिलेला कागद काढला, स्वतःच स्वतःला शपथ दिली, खाली सही ठोकली आणि बाकावर जाऊन बसले. सभागृहात गदारोळ. दुसऱ्या दिवशी त्यांची हकालपट्टी. म्हणजे या वेळी न्यायालयाने ‘मारलं’ नाही, सभागृहाने हाकललं. नॉर्दॅम्प्टनसाठी परिणाम तोच, पुन्हा पोटनिवडणूक.

२ मार्चला मतदान झालं. ब्रॅडलॉ ३,७९६, कॉर्बेट ३,६८८. फरक १०८. हे आकडे जरा शेजारी ठेवून बघण्यासारखे आहेत. वर्षभरात ब्रॅडलॉ यांची मतं ३५९ ने वाढली, पण कॉर्बेट यांची ३८३ ने. दोन्ही बाजू आधीपेक्षा जास्त इरेला पेटल्या होत्या. आधी घरी बसलेले शेकडो लोक या वेळी बाहेर पडले, आणि त्यांतले निम्म्याहून थोडे जास्त ब्रॅडलॉंच्या विरोधात. ‘सबंध शहर आपल्या माणसाच्या मागे उभं राहिलं’ असं वर्णन पुष्कळदा वाचायला मिळतं. तसं ते नव्हतं. शहर जवळजवळ मधोमध दुभंगलेलं होतं. मतपत्रिका १८७२ पासून गुप्त झाल्या होत्या, त्यामुळे मालक काय म्हणेल या भीतीशिवाय मत देता येत होतं, हेही या शंभर-सव्वाशेच्या फरकामागे असणार, असा माझा अंदाज.

लोक निवडून देतात, सभागृह आत घेत नाही. मग कायदाच का बदलू नये? ग्लॅडस्टन सरकारने १८८३ मध्ये दृढकथनाचं विधेयक आणलं. एप्रिलमधलं त्यांचं त्यावरचं भाषण प्रसिद्ध आहे. मुद्दा साधा होता: सध्याच्या शपथेला कुठलाही एक देव चालतो. तो ख्रिस्ती देव असण्याची गरज तुम्ही आधीच सोडली आहे. मग उरलेल्या एका धाग्यावर धर्माची इमारत टांगून ठेवण्यात काय अर्थ? विधेयक २९२ विरुद्ध २८९ मतांनी पडलं. तीन मतांनी!

‘आधीच सोडली आहे’ हे म्हणणं मात्र खरं होतं. या दारावर धडका मारणारे ब्रॅडलॉ पहिले नव्हते. १८२८ मध्ये आयर्लंडच्या डॅनियल ओकॉनेल या कॅथलिक नेत्याने क्लेअरची पोटनिवडणूक जिंकली आणि वर्षभरात कॅथलिकांना संसद खुली झाली. लंडन शहराने १८४७ मध्ये लायोनेल द रोथशील्ड या ज्यू सावकाराला निवडलं. शपथेत ‘ख्रिस्ती माणसाच्या खऱ्या श्रद्धेवर’ असे शब्द होते, ते म्हणायला तो तयार नव्हता. मतदार त्याला पुन्हा पुन्हा निवडत राहिले, १८४९ मध्ये पोटनिवडणुकीतही, आणि तो बसू शकला थेट १८५८ मध्ये. म्हणजे दार उघडायची पद्धत ठरलेली होती. नको असलेला माणूस मतदारांनी पाठवत राहायचं, सभागृह दमेपर्यंत.

११ फेब्रुवारी १८८४ ला ब्रॅडलॉ यांनी पुन्हा स्वतःच शपथ घेतली, मतदान केलं, आणि या वेळी स्वतःहून जागा सोडून मतदारांकडे गेले. १९ फेब्रुवारीला तिसरी पोटनिवडणूक. समोर हुजूर पक्षाचे नवे उमेदवार रिचर्ड्स. ब्रॅडलॉ ४,०३२, रिचर्ड्स ३,६६४. फरक ३६८. काठावरून ते अखेर जरा आत आले.

आणि तरीही आत नाहीच. त्यांनी सभागृहाच्या अधिकाऱ्यावर, गॉसेटवर, दावा लावला होता: कायदा मला शपथ घ्यायला सांगतो आणि हा मला दाराबाहेर ठेवतो. १८८४ मध्ये न्यायालयाने सांगितलं, सभागृहाच्या चार भिंतींच्या आत सभागृह स्वतःचं कामकाज कसं चालवतं यात आम्ही पडणार नाही. हा निकाल आपल्याकडच्या वकिलांना चांगला ठाऊक आहे. आपल्या घटनेचं कलम १२२ त्याच विचारावर उभं आहे, आणि १९६४ मध्ये उत्तर प्रदेश विधानसभा आणि अलाहाबाद उच्च न्यायालय समोरासमोर आले तेव्हा सर्वोच्च न्यायालयात त्यावर बराच खल झाला.

मला स्वतःला जास्त गंमत वाटते ती कलम १०४ ची. शपथ न घेता आपल्या संसदेत बसलं किंवा मतदान केलं तर दर दिवसाला दंड किती? ५०० रुपये. १८६६ च्या कायद्यात ५०० पौंड, आपल्या घटनेत ५०० रुपये. राज्यांच्या विधिमंडळांसाठी कलम १९३ मध्येही तेच. नाण्याचं नाव बदललं, आकडा जसाच्या तसा. ‘जणू मेला’ वगैरे मात्र आपल्या घटनाकारांनी घेतलं नाही.

मग कोडं सुटलं कसं? तीन पोटनिवडणुकांनी नाही, न्यायालयाने नाही, कायद्यानेही नाही. १८८५ च्या सार्वत्रिक निवडणुकीत ब्रॅडलॉ पुन्हा जिंकले. नवी संसद भरली, स्पीकर होते आर्थर पील. १३ जानेवारी १८८६ ला ब्रॅडलॉ शपथेसाठी पुढे झाले, काही सदस्य आक्षेप घ्यायला उठले. पील म्हणाले, जुन्या सभागृहाचे ठराव जुन्या सभागृहाबरोबर संपले. निवडून आलेला सदस्य शपथ घ्यायला आला आहे, त्याच्या आणि शपथेच्या मध्ये पडण्याचा मला अधिकार नाही, तुम्हालाही नाही. दोन मिनिटांचं काम. हे १८८० मध्येच कुणी म्हटलं असतं तर?

दोनच वर्षांनी, १८८८ मध्ये, ब्रॅडलॉ यांनी स्वतः मांडलेला शपथ कायदा मंजूर झाला आणि शपथेऐवजी दृढकथन करण्याचा हक्क सगळ्यांना मिळाला. १८९२ मध्ये दादाभाई नौरोजी लंडनच्या सेंट्रल फिन्सबरीतून अवघ्या काही मतांनी निवडून गेले. त्यांनी शपथ घेतली ती बायबलवर नाही, पारशांच्या अवेस्तावर. तोवर सभागृहाची असल्या वादांची खुमखुमी जिरली होती.

नौरोजींच्या आधी हिंदुस्थानची बाजू ब्रिटिश संसदेत ज्यांनी लावून धरली त्यांत ब्रॅडलॉ आघाडीवर. तिकडे त्यांना ‘हिंदुस्थानचे खासदार’च म्हणायचे. १८८९ च्या डिसेंबरात, मोठ्या आजारातून उठल्यावर, ते बोटीने मुंबईला आले आणि काँग्रेसच्या पाचव्या अधिवेशनात बोलले. परत गेल्यावर त्यांनी इथल्या कायदेमंडळांच्या सुधारणेचं विधेयकही मांडलं. पण प्रकृतीने पुन्हा उचल खाल्ली.

२७ जानेवारी १८९१ ला सभागृहाने २२ जून १८८० चा तो ठराव आपल्या कामकाजाच्या नोंदीतून पुसून टाकायचं ठरवलं. ब्रॅडलॉ तेव्हा शेवटच्या घटका मोजत होते, बातमी त्यांच्यापर्यंत पोचली नाही. ३० तारखेला ते गेले. ब्रुकवुडच्या दफनभूमीतल्या अंत्यसंस्काराला लंडनमधले पुष्कळ हिंदी लोक गेले होते, त्यांत बॅरिस्टर व्हायला आलेला एकवीस वर्षांचा मोहनदास गांधीही होता.

नॉर्दॅम्प्टनची जागा पुन्हा रिकामी झाली. या वेळी ‘जणू’ लावायची गरज नव्हती. फेब्रुवारीत पोटनिवडणूक झाली आणि उदारमतवादी पक्षाचे मॅनफील्ड निवडून आले, जोड्यांचे कारखानदार. त्यांच्या शपथेबद्दल कुणी काही विचारलं नाही.